श्वासाची साक्ष आणि चुलीचा धूर

धूम्रपान करणाऱ्या माणसाला ‘दिवसाकाठी किती विड्या ओढता?’ असे विचारावे, तो सांगेल तो आकडा कागदावर उतरवून घ्यावा आणि त्या आकड्याच्या पायावर धूम्रपानाच्या दुष्परिणामांचे इमले उभारावेत, अशी वैद्यकशास्त्राची रीत वर्षानुवर्षे चालत आली. या रीतीतला दोष कोणत्याही खेड्यातल्या डॉक्टरला ठाऊक असतो. घरची माणसे जवळ असली की रुग्ण दोन सांगतो, एकटा असला की दहा सांगतो, आणि बंडल मात्र दुसऱ्या दिवशी संपलेले असते. त्याला खोटेच बोलायचे असते असे नव्हे. विडी ही मुळी मोजून ओढायची वस्तूच नाही. ती बांधावर बसल्या बसल्या पेटते, बोलता बोलता विझते, पुन्हा पेटते. एक आपण घ्यावी, एक शेजाऱ्याला द्यावी, अर्धी कानावर खोचून ठेवावी. तिचा हिशेब कोण ठेवणार?

जिभेचा भरवसा धरता येईना, म्हणून शास्त्राने अखेर उच्छ्वासालाच साक्षीला बोलावले. त्यासाठी लागणारे उपकरण हाताच्या पंजात मावेल एवढे असते. माणसाने खोल श्वास घ्यावा, पंधरा सेकंद तो रोखून धरावा आणि मग एका नळीतून सावकाश, छातीतला वारा पार संपेतो, फुंकावा. त्या पंधरा सेकंदांत फुप्फुसांच्या अगदी आतल्या वायुकोशांतील हवा आणि तेथून वाहणारे रक्त यांच्यातील कार्बन मोनॉक्साइड समतोलास येतो. अखेरीस बाहेर पडते ती ही आतली हवा. उपकरणातील संवेदक तिच्यातील कार्बन मोनॉक्साइड मोजतो आणि दहा लाख भागांत किती भाग, तो आकडा समोर दाखवतो. न ओढणाऱ्याचा आकडा सामान्यतः पाचाच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. नियमाने ओढणाऱ्याचा दहाच्या वर जातो, वीस-तीसही भरतो. सुई नाही, रक्त नाही, प्रयोगशाळेची चिठ्ठी नाही आणि ‘आठ दिवसांनी या’ असे सांगणेही नाही.

हा वायू माणसाच्या जुन्या ओळखीचा आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती यानेच. रक्तातील हीमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे ते अडीचशे पट अधिक असते. एकदा का तो त्याला चिकटला, की हीमोग्लोबिनचा तेवढा भाग प्राणवायू वाहण्याच्या कामातून गेलाच. जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ साली स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून या विषाची मात्रा आणि परिणाम यांचे नाते मांडले. खाणीत लहान प्राणी नेऊन धोक्याची पूर्वसूचना घेण्याची युक्तीही त्याचीच. पुढे १९४९ मध्ये स्वीडनच्या शोस्ट्रांड यांनी दाखवून दिले, की निरोगी शरीरही हा वायू किंचित प्रमाणात स्वतः तयार करीत असते. म्हणूनच न ओढणाऱ्याचाही आकडा शून्य येत नाही. ओढणाऱ्याच्या रक्तात मात्र शंभरातले चार-पाच, कधी त्याहूनही अधिक हीमोग्लोबिन असे अडकून पडलेले असते, आणि जिना चढताना लागणारी धाप ‘वयामुळे’ म्हणून मनाचे समाधान करून घेतले जाते.

उच्छ्वासात याशिवायही पुष्कळ काही असते. लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये माणसाच्या उच्छ्वासात सुमारे अडीचशे पदार्थ वेगळे ओळखून दाखवले, तेव्हा या शास्त्राला खरी गती आली. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले, की सिगारेट विझवल्यावर उच्छ्वासातील बेंझिन तासाभरात ओसरते, पण अ‍ॅसिटोनायट्राइल हा पदार्थ न ओढणाऱ्याच्या पातळीवर यायला जवळजवळ आठवडा घेतो. काल ओढली नाही असे सांगणाऱ्याचे परवाचे गुपित तो पदार्थ फोडू शकतो! परंतु ही यंत्रे मोठ्या संस्थांत शोभायची. खेड्यातल्या दवाखान्यात जाऊ शकेल असे एकच साधन आहे आणि ते कार्बन मोनॉक्साइड मोजणारे. १९८०च्या दशकात लंडनमध्ये मार्टिन जार्व्हिस, मायकेल रसेल प्रभृतींनी या स्वस्त उपकरणाचा आकडा रक्ततपासणीशी चांगला जुळतो हे सिद्ध केले. तेव्हापासून धूम्रपान सोडवू पाहणाऱ्या दवाखान्यांतून ते मान्यता पावले आहे.

गोमंतकातील वाचक विचारील, की या सगळ्याचा बीदर आणि कलबुर्गी या दूरच्या जिल्ह्यांशी संबंध काय, आणि पणजी-मडगावच्या माणसाने त्यात लक्ष का घालावे? एक तर तंबाखू या देशात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि ती दख्खनेत पसरली त्यात आपल्या बंदरांचा वाटा मोठा. अकबराचा वकील असदबेग १६०४-०५च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला असता त्याने तेथे तंबाखू पाहिली आणि नळीसह ती आग्र्याला नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. दरबारी हकिमांनी, ज्या वस्तूचे गुण आमच्या ग्रंथांत नाहीत ती कशी ओढावी, अशी हरकत घेतली. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या हकिमांना आज हिणवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. विजापूरला लागूनच कलबुर्गी, आणि त्यापलीकडे बीदर. तेथील बिदरी कारागिरीचे जे उत्तमोत्तम नमुने जगातील संग्रहालयांतून मिरवतात, त्यांत चांदीच्या वेलबुट्टीचे हुक्के किती आहेत ते पाहिले, म्हणजे या मातीत धूर किती खोल मुरला आहे याची कल्पना येते. दुसरे असे, की उत्तर कर्नाटकातील मजूर आज गोव्याच्या बांधकामांवर आहेत आणि त्यांची छाती हा आपल्याही रुग्णालयांचा विषय आहे. तिसरे कारण भाषेचे, त्याकडे आम्ही पुढे वळू.

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद, अफजलपूर हा सारा सीमेवरचा पट्टा. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत कर्नाटकाकडे गेला. मराठी, कन्नड, उर्दू-दख्खनी आणि पूर्वेकडे तेलुगू अशा चार भाषा एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. आजारी पडले तर आळंदचा माणूस सोलापूर गाठतो, औरादचा उदगीर-लातूरकडे जातो, बीदरचा हैदराबादेकडे. आणि येथे ओढली जाते ती मुख्यतः विडी. शेजारचे सोलापूर हे तर विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे शहर. तेथील कुंभारीला या कामगार स्त्रियांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत अनेकांनी पाहिली असेल. एकीकडे विडी हे हजारोंचे पोट आहे, दुसरीकडे ती हजारोंच्या छातीवर बसली आहे. हा पेच कोणत्याही उपकरणाने सुटायचा नाही.

विडी ‘हलकी’, ‘देशी’ आणि म्हणून कमी घातक, ही समजूत सार्वत्रिक आहे. तिच्यात तंबाखू सिगारेटीच्या मानाने फारच थोडी असते, हे खरे. परंतु ती गुंडाळलेली असते टेंभुर्णीच्या पानात, आणि हे पान सिगारेटीच्या कागदासारखे सच्छिद्र नाही. बाहेरची हवा आत शिरत नाही, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. शिवाय विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि जोराने घ्यावे लागतात. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉक्टरांनी सिगारेट ओढणारे आणि विडी ओढणारे अशा दोघांच्याही उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजून २०१० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्याकडे हे काम कोणी केलेच नाही, असे नाही. आणि प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये देशव्यापी पाहणीतून काढलेला निष्कर्ष तर विसरू नये असा आहे: विडी ओढणारा पुरुष सरासरीने सहा वर्षांचे आयुष्य गमावतो, विडी ओढणारी स्त्री आठ. तरीही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा सिगारेटीवर उपकर बसला आणि विडी त्यातून सुटली. २०२५च्या सप्टेंबरात तर करपरिषदेने विडीवरील कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आणण्याचा निर्णय घेतला. गरिबाची म्हणून विडीवर दया दाखवायची आणि ती दया गरिबाच्याच फुप्फुसांतून वसूल करायची, हा आमच्या अर्थकारणाचा न्याय आहे.

येथवर सारे सरळ आहे: उपकरण घ्यावे, गावोगावी न्यावे, आकडे गोळा करावेत. परंतु लंडनच्या दवाखान्यात ठरलेला आकडा जसाच्या तसा आळंद तालुक्यातल्या खेड्यात नेऊन ठेवला, तर तो फसवील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा. तेथील तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तूर काढली की शेतात उरतात त्या तुराट्या, आणि तुराट्या म्हणजे वर्षभराचे जळण. कापूस असेल तेथे पऱ्हाट्या, जनावरे असतील तेथे गोवऱ्या. फुकट मिळणारे आणि भराभर पेटणारे हे जळण कोंदट स्वयंपाकघरात सकाळ-संध्याकाळ जळते. ज्वारीच्या भाकरी घाईने होत नसतात. चुलीपुढे बसलेली बाई तास-दीड तास तोच धूर घेत असते. अर्धवट जळणारी तुराटी आणि अर्धवट जळणारी विडी यांत कार्बन मोनॉक्साइड एकच, आणि उपकरणाला त्यांच्यातला भेद कळत नाही. जिने जन्मात विडीला हात लावला नाही तिच्या उच्छ्वासाचा आकडा ओढणाऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसू शकतो. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी १९९१ मध्ये स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्यात या वायूने अडकलेल्या हीमोग्लोबिनचे प्रमाण स्वयंपाक न करणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. त्याआधी, १९८३ साली, कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांतील स्त्रिया चुलीपुढे किती धूर घेतात याचे मोजमाप जगापुढे ठेवले होते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेतून गॅसच्या टाक्या घरोघर गेल्या हे चांगलेच झाले; पण टाकी घरात असणे आणि ती दर वेळी भरून आणणे यांत पैशाचे अंतर आहे, आणि अंगणात तुराट्यांचा ढीग रचलेला असता ते अंतर आणखी वाढते.

समजा, अशा गावी एक तरुण डॉक्टर उपकरण घेऊन गेला. त्याने एका बाईला फुंकायला सांगितले. आकडा आला बारा. पुस्तक म्हणते, दहाच्या वर म्हणजे धूम्रपान. डॉक्टरने सासू-नणंदांदेखत तिला ‘खरे सांगा, विडी ओढता का?’ असे विचारले, तर तिने त्या दिवसानंतर पुन्हा दवाखान्याची पायरी का चढावी? उपकरण खरे बोलले, डॉक्टर प्रामाणिकपणे वागला, आणि तरी अन्याय घडला. असाच घोटाळा वीटभट्टीवरच्या किंवा गुऱ्हाळाच्या भट्टीपुढच्या कामगाराबाबत होईल. आणखी एक बारकावा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्यांना दूध पचत नाही अशा माणसांच्या आतड्यांत हायड्रोजन तयार होतो, तो उच्छ्वासात उतरतो आणि काही संवेदकांना कार्बन मोनॉक्साइडचा भास करून देतो. दूध न पचणारी माणसे आपल्या देशात थोडी नाहीत.

उलट दिशेनेही फसगत आहे. हा वायू रक्तातून सुमारे चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. रात्रभर झोपून उठलेल्या माणसाचा आकडा पहाटे साहजिकच उतरलेला असतो. कलबुर्गीसारख्या, ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात रमजानच्या महिन्यात रोजा ठेवणाऱ्या माणसाला सूर्यास्ताआधी तपासले, तर चौदा तासांच्या उपवासाने चोवीसाचा आकडा हिशेबाने तीनवर आलेला असेल. उपकरण त्याला ‘न ओढणारा’ ठरवील. मात्र एखादा समजूतदार डॉक्टर हाच प्रसंग सोने मानून वापरील. ‘पाहा, एका दिवसाच्या संयमाने तुमच्या रक्ताने एवढे विष स्वतःच धुऊन काढले,’ हे वाक्य त्या क्षणी जेवढे पटेल तेवढे शंभर भित्तिपत्रकांनी पटायचे नाही.

आणि या उपकरणाला एक गोष्ट तर अजिबात दिसत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत कर्नाटकातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शेकडा सुमारे नऊ निघाले, तर तोंडात तंबाखू धरणारे शेकडा सोळा. चुना मळून बार भरणारा शेतकरी, सकाळी मशेरी लावणारी म्हातारी, राज्यात २०१३ पासून बंदी असूनही गुटख्याची पुडी फोडणारा पोरगा, हे सारे उपकरणापुढे निर्मळ ठरतात. त्यांच्या उच्छ्वासात धूर नाही, आकडा तीन. तोंडाचा कर्करोग मात्र आकडा विचारून येत नाही. ‘तुमचा श्वास स्वच्छ आहे’ एवढे ऐकून अशा माणसाने निर्धास्त घरी जावे, यापरता अनर्थ नाही. म्हणून जेथे फुंकायला सांगायचे, तेथे तोंड उघडायलाही सांगितलेच पाहिजे.

तर मग हे उपकरण टाकून द्यावे काय? मुळीच नव्हे. गर्भवतीच्या बाबतीत तर त्याचे मोल फार मोठे आहे. पोटातल्या अर्भकाचे रक्त आईच्या रक्ताहूनही हा वायू अधिक धरून ठेवते. इंग्लंडात गर्भवतीच्या पहिल्याच तपासणीत उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजावा अशी शिफारस २०१० पासून आहे. तेथे प्रश्न सिगारेटीचा. आपल्याकडे तो चुलीचा आणि घरात विडी ओढणाऱ्या नवऱ्याचा. बीदरच्या बाईचा आकडा चुलीमुळे चढला असेल, तर उपकरण चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्याने आपल्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि तो प्रश्न आपण विचारायला हवा होता.

आकडा दाखवला की माणूस विडी सोडतो, अशी आशा बाळगणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विषयावरील प्रयोगांचा २०१९ मध्ये घेतला गेलेला साक्षेपी आढावा सांगतो, की नुसता उच्छ्वासाचा आकडा दाखवल्याने सोडणाऱ्यांची संख्या वाढते याला फारसा पुरावा नाही. आम्हांस याचे नवल वाटत नाही. आकडा हा संभाषणाचा आरंभ आहे आणि संभाषणाला दुसरा माणूस लागतो, वेळ लागतो, भाषा लागते. येथेच आम्ही मघाशी राखून ठेवलेला मुद्दा येतो. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला, तेव्हा कर्नाटकातून बंगळूरबरोबर निवडलेला दुसरा जिल्हा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, हाच होता. सुरुवात तेथे लवकर झाली, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण औरादच्या मराठी शेतकऱ्याला ‘तुमच्या रक्ताचा विसावा भाग कामातून गेला आहे’ हे कोणी मराठीत सांगितले काय, आणि त्याच्या दख्खनी बोलणाऱ्या शेजाऱ्याला दख्खनीत? राज्यांच्या सीमा कोठे असाव्यात हा वाद आम्ही या स्तंभात आज उकरून काढीत नाही. आजाऱ्याला त्याच्या भाषेत समजावणे हे कोणत्याही सीमावादाच्या अलीकडचे काम आहे, आणि ते करायला कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या वाचकांना श्वासपरीक्षा माहीत आहे ती वाहतूक पोलिसांची. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने मद्यपी चालकाला नळीत फुंकायला लावले आणि ते योग्यच केले. तेथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. गोव्याने १९९७ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणे यांवर कायदा केला, तोही देशातील पुष्कळ राज्यांच्या आधी, आणि २०१६-१७च्या पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे गोव्यातील प्रमाण शेकडा दहाच्या आत होते. कायद्याचे महत्त्व आम्ही जाणतो. तरीही ही दुसरी नळी पोलिसांच्या नळीसारखी वापरली जाऊ नये. जे कारखानदार नोकरीवर घेण्यापूर्वी कामगारांना फुंकायला लावतील, जे विमेवाले आकड्यावरून हप्ता वाढवतील, त्यांच्या हाती ती पडली, तर लोक तिच्यापासून पळतील आणि ज्याच्यासाठी ती आणली तोच दूर राहील.

कलबुर्गीत १९६३ पासूनचे महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, नंतर सरकारी महाविद्यालय आले, बीदरलाही वैद्यकीय संस्था आहे. घटनेच्या ३७१-जे कलमाने या मागास पट्ट्याला विशेष दर्जा मिळाला आहे आणि कल्याण कर्नाटक विकास मंडळाकडे निधीही आहे. अशा उपकरणांची किंमत त्या निधीच्या कोपऱ्यातही दिसणार नाही. खरी अडचण पुढची असते: फुंकायच्या नळ्या संपतात, त्यांची मागणी कचेरीत अडकते, संवेदकाची वेळोवेळी करायची जुळणी कोणी करीत नाही, आणि वर्षभराने उपकरण कपाटात साक्षी ठेवल्यासारखे पडून राहते. सरकारी कपाटे अशा मुक्या साक्षीदारांनी भरलेली आहेत. तेव्हा नळ्यांची आणि जुळणीची तरतूद आधी करावी, उपकरण मागाहून घ्यावे.

आणि मोजायचे कसे, तेही या मातीतूनच ठरवावे. एकाच घरातील नवरा-बायको दोघांना तपासावे. बाईला पहाटे चूल पेटण्यापूर्वी एकदा आणि भाकरी झाल्यावर एकदा, पुरुषाला उठल्याबरोबर एकदा आणि दिवस मावळताना एकदा. गॅसवर स्वयंपाक करणारे घर आणि तुराट्यांवर करणारे घर अशी जोडी घ्यावी. हे काम पौषात तूर निघाल्यावर, घरोघर नवे जळण भरलेले असताना सुरू करावे आणि पावसाळ्यात, ओल्या तुराट्यांचा धूर घर भरून टाकतो तेव्हा, पुन्हा करावे. अशी मोजणी झाली, तरच बाईच्या आकड्यातला चुलीचा वाटा किती आणि नवऱ्याच्या विडीचा किती, हे वेगळे काढता येईल.